क्लँग, क्लँक आणि बद्द

इंग्रजीतला ‘क्लँग’ हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहावा आणि त्याच्या पाठोपाठ ‘क्लँक’ म्हणावा. पहिल्या शब्दाच्या शेवटी आवाज नाकात शिरतो आणि श्वास पुरेल तोवर तिथे घुमत राहतो. दुसऱ्यात तो नाकात शिरतो न शिरतो तोच ‘क’ आडवा येतो आणि त्याला जागच्या जागी तोडतो. शब्दांतला फरक एवढाच, आणि धातूच्या आवाजांतला मूळचा फरकही एवढाच. लोखंडाचा तुकडा मोकळा टांगून त्यावर घाव घातला की तो थरथरत राहतो, हवेला हलवत राहतो. तोच तुकडा जमिनीला टेकलेला असेल, हातात धरलेला असेल, दुसऱ्या तुकड्यात अडकलेला असेल, तर उठलेली थरथर तिथेच मरते. शाळेच्या पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा क्लँग करतो. गाडीचे डबे जोडताना आकड्यात आकडा बसतो तेव्हा क्लँक होतं.

मधला स्वर बदलला की धातूचं आकारमान बदलतं. ‘क्लिंक’मध्ये काचेचा पेला किंवा चार नाणी असतात. ‘क्लंक’ म्हटलं की काहीतरी जड, बोजड, बहुधा आतून पोकळ. ओठ पसरून उच्चारलेला इकार लहान वस्तूंना आणि तोंड मोठं करून उच्चारलेले स्वर मोठ्या वस्तूंना, ही वाटणी जगातल्या पुष्कळ भाषांनी केलेली आहे. शेवट ‘ॲश’ असला की दोन गोष्टी एकमेकींवर आदळून काहीतरी मोडतं: क्लॅश, क्रॅश, स्मॅश. ‘ॲटर’ असला की बारीक आवाज एकामागून एक येत राहतात. ताटल्यांची चळत कोसळली की क्लॅटर, पावसाच्या थेंबांचं पॅटर, माणसांचं चॅटर. शब्दाच्या टोकांना चिकटून अर्थ सुचवणाऱ्या अशा ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं १९३० साली ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. त्याआधी हे फर्थ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्यांच्या बोलण्यात अशा नादशब्दांची रेलचेल असते, त्या माणसांत त्यांची ती वर्षं गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. आशयानं गहन वाक्यं बहुतेकदा वाट देतात. मला अडवतात ते हे आवाज. पर्यायकोश उघडावा तर क्लँगखाली क्लँक, क्लॅश, क्लॅटर, जँगल, पील, रिंग, डिन असे सगळे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात, जणू यातला कुठलाही उचलावा आणि वापरावा. इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध पर्यायकोश पीटर मार्क रोजे या डॉक्टरांनी केला. शब्दांच्या याद्या ते १८०५ पासून जमवत होते आणि कोश छापून आला १८५२ साली, सत्तरी उलटल्यावर. त्यांनी आवाजाचे शब्द जडसृष्टीच्या वर्गात घातले आणि त्यात घुमणाऱ्या आवाजांना वेगळं घर दिलं. ही त्यांच्या कानाची सूक्ष्मता मला मान्य आहे. तरीही एका घरात राहणारे हे शब्द एकमेकांच्या जागी उभे राहू शकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. दुःखाला, रागाला, सौंदर्याला पर्यायी शब्द असतील. आवाजाच्या शब्दाला नसतात. प्रत्येक शब्द एका ठरावीक धातूवर पडलेल्या ठरावीक घावाचा आहे, आणि तो घाव ज्याला नीट ऐकावा लागला अशा माणसाचा आहे.

डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये, म्हणजे १८४३ साली छापलेल्या त्या भूतकथेत, मार्लीचं भूत येतं तो प्रसंग घ्या. आधी घरातल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागतात आणि एकदम गप्प होतात. मग खाली खोल तळघरातून क्लँक-क्लँक असा आवाज येतो, कुणीतरी जड साखळी ओढत आणल्यासारखा. साखळी दिसते तेव्हा कळतं की ती पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या आणि जड थैल्या यांची आहे आणि सगळं पोलादात घडवलेलं आहे. आता मराठीत साखळी खळखळते. पण खळखळ म्हटलं की माझ्या कानाला ओढा ऐकू येतो. खणखणाट तलवारींचा आहे, त्यात तेज आहे, उघडी हवा आहे. खडखडाट कोरडा आहे, त्यात भुतापेक्षा बैलगाडी जास्त. मार्लीच्या साखळीचा आवाज जमिनीला घासत येतो, प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकून तिथेच मरते, म्हणून डिकन्सनं क्लँग न घेता क्लँक घेतला. मी शेवटी ‘साखळदंड फरफटत आल्याचा आवाज’ असं केलं. म्हणजे वजन आवाजाच्या शब्दातून काढलं आणि वस्तूच्या शब्दात ठेवलं. साखळदंड म्हणताना जिभेवर जो भार येतो, त्यानं काम भागलं.

मराठी हे काम निराळ्या हत्यारानं करते. इंग्रजी शब्दाच्या शेवटाशी खेळते, आपण सुरुवातीच्या व्यंजनात प्राण फुंकतो. बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण. टण म्हणजे लहानसा घाव, ठण म्हणजे तोच घाव ऐरणीवर. देवघरातली घंटी किणकिणते आणि देवळातली मोठी घंटा घणघणते. क पासून ख पर्यंत, ट पासून ठ पर्यंत, ग पासून घ पर्यंत धातू जाड होत जातो. महाप्राण व्यंजनांची ही सोय इंग्रजीला नाही. शिवाय घाव एकच पडला की ‘ठणकन्’, ‘टणदिशी’. पडत राहिला की ‘ठणठण’. आणि सगळा आसमंत भरून गेला, डोकं उठलं, की ‘ठणठणाट’. या एका ‘आट’मध्ये आपण किती काय बसवलंय! खणखणाट, घणघणाट, खडखडाट, कडकडाट. इंग्रजी क्लँगला जवळजवळ असाच फुगवटा देणारा एक शब्द आहे, ‘क्लँगर’. तो लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये तो मुळात धातूपुरता नव्हताच. रणशिंगाच्या आवाजाला तो होता आणि आकाशातून ओरडत जाणाऱ्या पक्ष्यांनाही. त्याचा ग्रीक भाऊ ‘क्लांगे’ होमरच्या ‘इलियड’मध्ये निदान दोन ठिकाणी भेटतो. पहिल्या सर्गात रागावलेला अपोलो चांदीच्या धनुष्यातून बाण सोडतो तेव्हा त्या धनुष्याचा आवाज क्लांगे आहे. तिसऱ्या सर्गात ट्रोजन सैन्य पुढे येतं, त्याचा कोलाहल क्रौंच पक्ष्यांच्या थव्यासारखा आहे, आणि तिथेही शब्द तोच. चांदीचं धनुष्य, सैन्य आणि पक्षी यांत समान काय? लांबून ऐकू येणारा, अंगावर येणारा, ऐकणाऱ्याला सावध करणारा स्वर. आपल्याकडे धनुष्याचा टणत्कार होतो. दोरीच्या आवाजाला धातूचा शब्द दोन्हीकडे मिळाला, याचं कारण मला त्या भीतीत दिसतं. टणत्कार ऐकू आला तेव्हा बाण सुटलेला असतो.

इंग्रजीतले धातूचे सर्वांत श्रीमंत शब्द मात्र चर्चच्या मनोऱ्यातून खाली आले. आपण ‘घंटा वाजली’ म्हणतो आणि पुढे जातो. इंग्लंडमधल्या खेड्यात शतकानुशतकं असं म्हणून चालत नव्हतं, कारण घंटा कशी वाजली यावर गावाला काय कळलं ते ठरत असे. एकच घंटा, सावकाश, दोन ठोक्यांमध्ये मुद्दाम ठेवलेलं अंतर, हा ‘टोल’. मेलेल्या माणसासाठी वाजली की तिला ‘नेल’ म्हणायचं. सगळ्या घंटा एकत्र, जोरात, लग्नाला किंवा विजयाला, म्हणजे ‘पील’. हा शब्द ‘अपील’चं तुटलेलं रूप आहे, म्हणजे मुळात तो हाका मारणं या अर्थाचा. मृत्यूच्या घंटेचा संकेत तर पत्रासारखा वाचता येई. पुष्कळ गावांत पुरुष गेला असेल तर तीन-तीनचे तीन झपके, म्हणजे नऊ ठोके. बाई गेली असेल तर सहा. मूल असेल तर तीन. त्यानंतर जरा थांबून वयाच्या वर्षांइतके ठोके. शेतात वाकलेला माणूस कंबर सरळ करून मोजत राही. नऊ. मग एक, दोन, तीन, असं करत बाहत्तर. बाहत्तर वर्षांचा पुरुष गावात आजारी कोण होता, हे त्याला माहीत असे. निरोप्या पाठवायची गरज पडत नसे. या ठोक्यांना ‘टेलर’ म्हणत, म्हणजे सांगणारे. पुढे उच्चारात त्याचे शिंपी झाले, आणि १९३४ साली डोरोथी सेयर्सनं आपल्या रहस्यकादंबरीला ‘द नाइन टेलर्स’ असं नाव दिलं ते याच नऊ ठोक्यांवरून.

शोकाच्या दिवशी घंटेचा लोलक चामड्यानं बांधतात. हे चामडं लोलकाच्या एकाच बाजूला, पट्ट्यांनी घट्ट आवळून बसवतात. त्यामुळे घंटा एका झोक्यात पूर्ण आवाजानं वाजते आणि परतीच्या झोक्यात तोच आवाज दबून, लांबून आल्यासारखा येतो. आठ घंटा असल्या तर आठही आधी मोकळ्या आवाजात वाजून जातात आणि मग त्याच क्रमानं आठही दबक्या आवाजात. हाक आणि तिचा पडसाद. नोव्हेंबरमध्ये युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनी इंग्लंडमध्ये घंटा अशा अर्ध्या बांधून वाजवतात. मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. शब्द नाहीत, संगीत म्हणावं तर सूरही नाही. फक्त एक चामड्याचा तुकडा, आणि तेवढ्यानं आनंदाची घंटा शोकाची होते.

आणि एकदा त्या साऱ्या देशानं घंटा बंदच केल्या. जून १९४० मध्ये, फ्रान्स पडत असताना, सरकारनं हुकूम काढला की चर्चच्या घंटा आता फक्त शत्रू जमिनीवर उतरला तरच वाजवायच्या. लग्नं बिनघंटेची झाली, दफनं बिनघंटेची झाली. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल अलामेनच्या विजयासाठी एका रविवारी बंदी उठवून घंटा वाजवल्या, आणि १९४३ मध्ये बंदी कायमची गेली. जी मुलं त्या काळात लहान होती, त्यांच्यापुरता पील हा शब्द निव्वळ पुस्तकातला राहिला असणार.

इंग्रज घंटावादकांचं एक वेड आहे, त्याचा पुण्याशी धागा आहे. सतराव्या शतकात तिथे घंटा पूर्ण चाकावर बसवू लागले. दोर ओढला की घंटा तोंड वर करून उभी राहते, तिथून पूर्ण फेरी घेऊन पुन्हा उभी. अशा घंटेवर सूर-तालाचं गाणं वाजवता येत नाही, कारण ती आपल्याच वजनानं आणि वेगानं फिरते. वाजवणाऱ्याच्या हातात एवढंच राहतं की तिला क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर सोडायचं. मग त्यांनी गाण्याचा नाद सोडला आणि क्रमांचा धरला. घंटांचा प्रत्येक शक्य क्रम एकदा वाजवायचा, कुठलाही पुन्हा नाही. फेबियन स्टेडमन नावाच्या मुद्रकानं १६७७ साली या गणितावर पुस्तक लिहिलं. सात घंटांचे ५,०४० क्रम होतात. ते सगळे न चुकता १७१५ साली नॉरिच गावी वाजवले गेले आणि त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. आठ घंटांचे होतात ४०,३२०. ते १९६३ साली लफबरो इथे टेलर यांच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यात आठ जणांनी जवळजवळ अठरा तास सलग वाजवले. हातातला दोर कुणी दुसऱ्याकडे दिला नाही. या मंडळींच्या बोलीत दोन घंटा चुकून एकाच क्षणी वाजल्या की त्याला क्लॅश म्हणतात. ज्या शब्दाला आपण तलवारी आणि दंगली जोडतो, तो त्यांच्याकडे पळभराच्या चुकीचा आहे. अनुवाद करताना हे ठाऊक नसेल तर मनोऱ्यात मारामारी लागायची!

याच टेलरांच्या आठ घंटा १८९३ पासून पुण्यात आहेत. गुरुवार पेठेत पंचहौदाजवळचं पवित्र नाम देवालय हे चर्च, त्याच्या उंच मनोऱ्यात. पंचहौद म्हटलं की मराठी वाचकाला आधी चहा आठवतो. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींनी चहा घेतला की नाही, बिस्किटं खाल्ली की नाही, यावरून केवढं ग्रामण्य माजलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या घंटा आल्या. भोवती पेठांतली देवळं, त्यांच्या घंटांना दोर नाही, चाक नाही. येणारा प्रत्येक जण हात उंच करून एक ठोका देतो आणि आत जातो. देवाला आपण आल्याचं सांगणारा प्रत्येकाचा वेगळा ठोका. आणि वरून आठ घंटांचा ओळीनं येणारा स्वर, ज्यात एकट्या माणसाचं काहीच नाही. पुण्यातल्या एकाच हवेत हे दोन्ही आवाज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिसळत आले आहेत.

धातू तोच असला तरी हात बदलला की आवाज बदलतो, याची आपल्याकडे आणखी एक खूण आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण अजून ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. चर्चसाठी ओतलेली ती घंटा इथे देवळात टांगली गेली. तिच्या धातूत आपल्याला परकं काही नव्हतं. युरोपातली घंटा सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के तांबं आणि बावीस टक्के कथील यांची, आणि आपलं कासंही साधारण याच प्रमाणातलं. कथील त्याहून वाढवलं तर धातू काचेसारखा तडकतो आणि कमी केलं तर नाद मऊ पडतो. तळपाय चोळायची काशाची वाटी आणि लंडनचं बिग बेन एकाच मिश्रणाची आहेत.

बिग बेन तडकलेलं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पहिली घंटा १८५६ साली ओतली, ती चाचणीतच फुटली. तोच धातू वितळवून १८५८ साली व्हाइटचॅपलच्या कारखान्यात दुसरी ओतली, साडेतेरा टनांहून जास्त वजनाची. १८५९ च्या जुलैत ती वाजू लागली आणि सप्टेंबरात तिलाही तडा गेला, कारण तिच्यावर पडणारा हातोडा तिला सोसेल त्याहून जड होता. मग चारेक वर्षं तास दुसऱ्याच घंटेवर वाजले. अखेर घंटा थोडी फिरवून हातोडा तिच्या धडक्या भागावर पडेल असं केलं, हातोडा हलका केला आणि तडा पुढे सरकू नये म्हणून तिथे चौकोनी खाच घेतली. आज जगभर रेडिओवरून ऐकू जाणारा, सगळ्यांनी मान्य केलेला तो भारदस्त ‘बाँग’ एका तडकलेल्या घंटेचा आहे. तिचा स्वर किंचित खरखरीत लागतो तो त्यामुळेच.

तडकलेल्या भांड्याच्या आवाजाला मराठीत ‘बद्द’ म्हणतात. आपल्या भाषेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या शब्दांपैकी हा एक आहे. बाजारात मडकं घेताना बाई बोटाच्या मागच्या बाजूनं टिचकी मारते, कान जवळ नेते, आणि बद्द वाजलं की काही न बोलता खाली ठेवते. रुपया चांदीचा होता तेव्हा तो दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा किंवा हिणकस. इंग्लंडातही सोन्याचांदीची नाणी दुकानाच्या फळीवर आपटून ऐकत, आणि म्हणून इंग्रजीत आजही एखाद्याचं बोलणं खरं वाटलं तर ते खरं ‘वाजतं’ असं म्हणतात. खणखणीत उत्तर, खणखणीत आवाज, बंदा रुपया, हे आपणही माणसांना लावतो. कुणी कुणाकडून घेतलं नाही. दोन समाजांनी आपापल्या दगडांवर आपापली नाणी वाजवली आणि माणसाच्या खरेपणासाठी एकच खूण निवडली. क्लँग आणि क्लँकमधला फरक भाषेची चैन नव्हती. तो ओळखता आला नाही तर माणूस फसत असे.

दौंडला लहानपणी मी हा फरक ओळखणाऱ्या माणसाला जवळून पाहिलं. आमचे वडील अण्णा रेल्वेत होते, त्यामुळे फलाटावर फिरायला आम्हा मुलांना फारशी आडकाठी नव्हती. दौंड जंक्शन. लांबच्या गाड्या तिथे बराच वेळ थांबत. गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळाच्या बाजूनं गाडीच्या कडेकडेनं चालू लागे. प्रत्येक चाकावर एक ठोका. थांबून ऐके. पुढे जाई. फलाटावर चहावाल्यांचा आरडाओरडा, हमालांची घाई, इंजिनाची वाफ, आणि या सगळ्यातून तो फक्त स्वतःच्या ठोक्याचं उत्तर ऐकत असे. चाक अखंड असलं की ‘ठण्ण’ असा लांबणारा स्वर येई. फट असली, काही सैल असलं, की आवाज तिथेच मरे.

‘‘काका, फुटलेलं कसं वाजतं?’’ मी एकदा विचारलं.

‘‘ते वाजतच नाही, बाळ,’’ ते म्हणाले. ‘‘तिथं थांबायचं आणि परत मारायचं. तेव्हा मात्र गाडी माझ्यासाठी थांबते.’’

त्यांचा एक कान हातोडीच्या बाजूला किंचित कललेला असे. ठोका देताना ते श्वास धरत आणि स्वर विरल्यावर सोडत. शेकडो माणसांचा जीव त्या एका श्वासावर तोलून धरलेला असे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांच्या शेजारून चालताना मी फक्त एवढं शिकले की प्रत्येक चाकाचा आवाज जरा वेगळा असतो. एकाच डब्याच्या चाकांचासुद्धा.

अशी कामं करणाऱ्यांच्या कानांवरच हे शब्द घडले, असं मी धरून चालते. लोहारानं ऐरणीचा आवाज ओळखला, तुरुंगाच्या पहारेकऱ्यानं बेडीचा, घंटावाल्यानं तड्याचा, सराफानं हिणकस नाण्याचा. एडगर ॲलन पोनं १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बेल्स’ या कवितेचे चार भाग केले ते धातूंवरून: घसरगाडीच्या घुंगरांना चांदी, लग्नाच्या घंटांना सोनं, आगीच्या घंटांना पितळ आणि मृत्यूच्या घंटांना लोखंड. हे कवीचं काम आहे, त्यात नवल नाही. पण त्याच्या आधी हा भेद रोजच्या पोटापाण्यात करून ठेवला होता तो कारागिरांनी.

आणि त्यांनी त्याची किंमत कानांनी दिली. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं आणि आगबोटी यांचे बॉयलर रिव्हेट ठोकून जोडत. बाहेरून हातोडे पडत आणि एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेटचं दुसरं टोक दाबून धरी. लोखंडाच्या बंद पेटीत, प्रत्येक घाव चारी बाजूंनी त्याच्यावर येई. ग्लासगोच्या थॉमस बार या कानाच्या डॉक्टरांनी १८८६ साली बॉयलर जोडणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. एकाचंही ऐकणं धड नव्हतं. सभेत किंवा चर्चमध्ये बोललेलं कळायला बहुतेकांना अडचण पडत होती. या बहिरेपणाला इंग्रजीत कामाचंच नाव पडलं, ‘बॉयलरमेकर्स इअर’. गावातल्या घंटेचे ठोके मोजून कोण गेलं हे ओळखणाऱ्या माणसांची ही पोरं-नातवंडं. त्यांना आता मोजता येणार नव्हतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात वडा-पिंपळावर एक हिरवा पक्षी बसून दुपारभर एकसारखा पुक् पुक् करतो. मराठीत त्याला तांबट म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं कॉपरस्मिथ. तांबं ठोकणारा माणूस दोघांच्याही कानात इतका मुरला होता, की झाडावरच्या पक्ष्यातही तोच ऐकू आला. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तो माणूस अजून आहे. तांब्याचा हंडा घडून झाला की त्यावर मठारकाम होतं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून, ओळीनं, सारख्या अंतरानं घाव घालत जायचं, म्हणजे पत्रा कणखर होतो आणि प्रत्येक घावाची चकाकणारी टिकली उमटते. घाव नीट बसला की नाही ते डोळ्यांआधी कानाला कळतं. पत्रा खाली टेकलेला असतो तिथे आवाज आखूड आणि भरीव येतो, पोकळ राहिला तिथे उघडा. आळीत शिरलं की पंधरा-वीस हातोड्या वेगवेगळ्या लयीत चाललेल्या असतात, आणि इंग्रजीतला किंवा मराठीतला कुठलाही एक शब्द त्याला पुरत नाही. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांशी बोलायचं तर हातोडी थांबेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबल्यावरही प्रश्न जरा मोठ्यानंच विचारावा लागतो.